पायथन कॉन्फरन्सला टॉक पाठवायचाय? मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईतल्या पायथन मीटअपला मंडळी भेटली की बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं, पायकॉनला, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कॉन्फरन्सला, टॉक पाठवायचाय पण कसा, कधी, आणि मुळात मी पाठवावा का. विचारणारा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असो नाहीतर वर्षानुवर्षं बँकेच्या सिस्टीम सांभाळणारा असो, प्रश्न तेच. मी व्हॉलंटियर म्हणून प्रपोझल वाचत आलेय आणि मला मनापासून वाटतं की या शहरात पायथनमध्ये जितकं काम होतं त्या मानाने स्टेजवर आपली माणसं फार कमी दिसतात. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवलंय. उदाहरणं पायथनची आहेत, पण रस्ट, गो, रूबी, कुठल्याही भाषेच्या कम्युनिटी कॉन्फरन्सला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

सीएफपी म्हणजे नक्की काय आणि ते कधी येतं?

सीएफपी म्हणजे कॉल फॉर प्रपोझल्स. आयोजक सांगतात की अमुक तारखेपर्यंत टॉकचे प्रस्ताव पाठवा, फॉर्म उघडतो, तुम्ही भरता, मग रिव्ह्यू होतो आणि निवड. पायकॉन इंडिया २००९ साली बंगळुरूत सुरू झाली आणि तेव्हापासून गावं बदलत असते, २०११ ला आपल्या शेजारी पुण्यात होती, नंतर दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, कोविडमध्ये ऑनलाइन. बऱ्याचदा ती सप्टेंबरच्या आसपास असते त्यामुळे सीएफपी त्याच्या काही महिने आधी उघडतं. नक्की तारीख त्या त्या वर्षीच्या कॉन्फरन्सच्या साइटवर बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नका, कारण डेडलाइन वाढते तेव्हा जुना मेसेजच फिरत राहतो.

आणि फॉर्म उघडायची वाट बघत बसू नका. फॉर्ममध्ये काय विचारतात ते दरवर्षी जवळपास तेच असतं, तेव्हा आत्तापासून एका साध्या फाइलमध्ये लिहायला घ्या.

माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाहीये. मी तर रोज तेच ते काम करतो.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबूया.

तुमचं रोजचं काम तुम्हाला साधं वाटतं कारण तुम्ही ते रोज करता. पण गेल्या वर्षभरात असं काहीतरी झालंच असेल की एखादी गोष्ट दोन दिवस चालेना, गूगल करून सापडेना, जुन्या कमेंट वाचून, सोर्स कोड उघडून, सहकाऱ्याला विचारून शेवटी कारण सापडलं आणि कारण अगदी भलतंच निघालं. तो तुमचा टॉक. तुमच्यासारखीच माणसं समोर बसलेली असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तीच अडचण पुढच्या सहा महिन्यांत येणार असते.

मुंबईचंच बघा. इथे शेअर बाजार आहे, बँका आहेत, इन्शुरन्स आहे, पोर्ट आहे, सिनेमाचे पोस्ट प्रोडक्शन स्टुडिओ आहेत, या सगळ्या ठिकाणी पायथन स्क्रिप्ट चालतात. जुलै २०२४ मध्ये एनएसईने भावकॉपीचा, म्हणजे शेअरच्या रोजच्या भावांच्या फाइलचा, जुना फॉर्मॅट बंद केला आणि यूडिफ हा नवा फॉर्मॅट आणला, कॉलमची नावं बदलली, फाइलचं नाव बदललं. रोज संध्याकाळी ती फाइल उतरवून त्यावर रिपोर्ट काढणाऱ्या ज्या स्क्रिप्टमध्ये कॉलमची नावं जागोजागी थेट लिहिलेली होती त्यांना हात लावावाच लागला. ते काम ज्याने केलं त्याला विचारा, तो म्हणेल यात काय सांगण्यासारखं, कॉलमची नावं तर बदलली. पण बाहेरून येणाऱ्या डेटाचा साचा उद्या बदलेल हे धरून कोड कसा लिहायचा, जुन्या आणि नव्या फाइल एकत्र कशा वाचायच्या, टेस्ट कुठे लावायच्या, हा उत्तम टॉक आहे आणि तो फक्त त्यातून गेलेला माणूसच देऊ शकतो.

पण मी एक्सपर्ट नाही. दोन वर्षांचाच अनुभव आहे.

चालेल. खरंच चालेल. एखादी गोष्ट नुकती शिकलेल्या माणसाला कुठे अडायला होतं हे अजून आठवत असतं, अनुभवी माणूस ते विसरलेला असतो. फक्त प्रपोझलमध्ये टॉक कुणासाठी आहे ते स्पष्ट लिहा. पायथनची मुख्य लायब्ररी लिहिणाऱ्यांसमोर तुम्हाला बोलायचं नाहीये, तुमच्या एक वर्ष मागे असलेल्या लोकांसाठी बोलायचंय, आणि ते हॉलमध्ये भरपूर असतात.

विषय निवडायचा कसा? एखादं उदाहरण द्या ना.

विषय लहान करा. लोक "डेटा ॲनालिसिस विथ पांडाज" असं लिहून पाठवतात (पांडाज म्हणजे डेटा हाताळायची पायथन लायब्ररी), अहो त्यावर कोर्स असतात, पंचवीस मिनिटांत काय सांगणार? त्यातला एक कोपरा धरा.

समजा तुम्हाला पावसाच्या डेटावर बोलायचंय. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कुलाब्याला साधारण ७३. आता कुणी पांडाजमध्ये शहरानुसार ग्रुपबाय करून मीन काढला तर मुंबईसाठी पाचशेच्या थोडं वर असा आकडा येतो. कोड बरोबर, एरर नाही, आणि तो आकडा ना सांताक्रूझचं खरं सांगतो ना कुलाब्याचं. इथून टॉक सुरू करा, सरासरी काढण्याआधी डेटाकडे काय काय बघायचं, स्टेशन वेगळी कधी ठेवायची, गाळलेल्या नोंदींचं काय करायचं. मुंबईकराला तो दिवस माहितीये, बंगळुरूच्या माणसालाही माहितीये, सगळे पहिल्या मिनिटापासून ऐकतात.

किंवा देवनागरी घ्या, आपल्या हाताशी असलेला खजिना आहे हा आणि फार कमी लोक उघडतात. पायथनच्या इंट फंक्शनला "१२३" अशी देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग दिली तर ते मुकाट्याने एकशे तेवीस देतं, हे कितीतरी रोज पायथन लिहिणाऱ्यांना माहीत नसतं. मराठी नावांची यादी सॉर्ट केली की ळ हा ल च्या लगेच नंतर येतो कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, त्याची जागा तिथे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. मतदारयादी, शाळेचं हजेरीपुस्तक, लायब्ररीचा कॅटलॉग, जिथे जिथे मराठी यादी लागते तिथे हा प्रश्न येतो. एवढ्यावर अख्खा टॉक होतो.

"इंट्रोडक्शन टू पायथन" किंवा "व्हाय पायथन इज ग्रेट" चालेल का?

पायथन कॉन्फरन्सला आलेल्या लोकांना पायथन चांगली आहे हे पटवायची गरज नसते. कॉलेजमध्ये जरूर द्या हा टॉक, तिथे गरज आहे.

मग सध्या जे चर्चेत आहे त्यावर पाठवू? जीआयएल, एआय वगैरे?

पाठवा, पण तुम्ही स्वतः काय केलं ते असेल तर. जीआयएल म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप, त्याच्या शिवाय चालणारं पायथन ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये प्रयोग म्हणून आलं आणि ३.१४ मध्ये त्याला अधिकृत सपोर्ट मिळाला, पेप ७०३ हा त्याचा लेखी प्रस्ताव सगळ्यांना वाचायला उघडा आहे. तेव्हा पेपचा सारांश सांगणारा टॉक दहा जण पाठवतात. तुमच्या इमेज प्रोसेसिंगच्या कामावर ते चालवून बघितलं, चार थ्रेडवर किती फरक पडला, कुठली लायब्ररी अडली, कुठे उलट स्लो झालं, हे लिहिणारा एखादाच असतो आणि त्याला स्लॉट मिळायची शक्यता कितीतरी जास्त. एआयचंही तेच.

प्रपोझलमध्ये नक्की काय लिहायचं?

फॉर्म वेगवेगळे असले तरी मुद्दे हेच असतात: टायटल, वेबसाइटवर छापायचं छोटं वर्णन, रिव्ह्यूअरसाठी सविस्तर आउटलाइन, टॉक कुणासाठी आहे आणि त्यांना आधी काय यायला हवं, आणि तुमच्याबद्दल चार ओळी. सगळ्यात जास्त प्रपोझल पडतात ती आउटलाइनमध्ये. लोक वर्णन छान लिहितात आणि आउटलाइनमध्ये "इंट्रो, डेमो, कन्क्लूजन, क्यू अँड ए" असं टाकून मोकळे होतात. यावरून रिव्ह्यूअरला काय कळणार? तुमच्या डोक्यात कदाचित भन्नाट टॉक असेल, पण जे लिहिलंय तेवढंच आम्ही वाचू शकतो.

एक नमुना देते, विषय वर म्हटला तोच, देवनागरी.

टायटल: "मराठी"चे "मर" आणि "ठ" का होतात?

वर्णन: पायथनच्या री मॉड्युलमध्ये शब्द शोधायचा नेहमीचा पॅटर्न "मराठी" या शब्दावर चालवला तर एक शब्द मिळायच्या ऐवजी "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे मिळतात. हिंदी, मराठी, नेपाळी टेक्स्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी चावतं. या टॉकमध्ये असं का होतं ते मुळापासून बघू आणि तुमच्या कोडमध्ये ते कसं दुरुस्त करायचं ते करून दाखवेन.

आउटलाइन, एकूण पंचवीस मिनिटं: पहिली तीन मिनिटं लाइव्ह डेमो, तुकडे पडताना दाखवणे. पुढची सहा मिनिटं अक्षर आणि कोड पॉइंट यातला फरक, आपल्याला "मराठी"त तीन अक्षरं दिसतात, लेन फंक्शन पाच सांगतं आणि यूटीएफ-८ मध्ये ते पंधरा बाइट होतात, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर कसे. मग पाच मिनिटं खरं कारण, री मॉड्युल अक्षर किंवा अंक असलेल्यालाच शब्दाचा भाग मानतं, काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये मार्क या वर्गात मोडतात म्हणून तिथे शब्द तुटतो. मग सात मिनिटं उपाय, रेगेक्स नावाचं वेगळं पॅकेज मार्क धरून शब्द ओळखतं आणि पूर्ण अक्षरं तोडून देतं, शिवाय "दऱ्या"मधला ऱ दोन वेगळ्या पद्धतीने साठवता येतो आणि दिसायला सारख्या दोन स्ट्रिंग बरोबर ठरत नाहीत, त्यासाठी एनएफसी नॉर्मलायझेशन. उरलेली चार मिनिटं प्रश्न.

कुणासाठी: ज्यांनी स्ट्रिंग आणि साधा रेगेक्स वापरलाय असे सगळे. युनिकोडचं ज्ञान लागणार नाही. बाहेर पडताना त्यांना स्वतःच्या कोडमधले असे बग ओळखता येतील आणि दुरुस्त करता येतील.

बघा, यात एकही भारी शब्द नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की या माणसाने विषयाला हात लावलाय, वेळेचा हिशोब केलाय आणि ऐकणारा काय घेऊन जाईल याचा विचार केलाय.

सगळं आधीच लिहिलं तर टॉकमधलं सस्पेन्स जाईल ना?

आउटलाइन फक्त रिव्ह्यूअर वाचतात असं बहुतेक ठिकाणी असतं. तिथे काही लपवू नका. "हे टॉकमध्ये कळेल" असं लिहिलेलं प्रपोझल वाचून आम्हाला निवडायला काही हातात राहत नाही. पायकॉन इंडियाने बरीच वर्षं जंक्शन नावाचं स्वतःचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरलं, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर लिहिलेलं, त्यात तर प्रपोझल सगळ्यांना दिसायची आणि लोक खाली प्रश्न विचारायचे, तरी हॉल भरायचे. जुनी निवडलेली प्रपोझल वाचायला मिळाली तर वाचा, त्यातून जितकं शिकता येतं तितकं माझ्या या पानातून येणार नाही.

टायटल मजेशीर हवं का?

वाचून विषय कळला पाहिजे, मग मजा आली तर उत्तम. शेड्यूलच्या कागदावर लोक फक्त टायटल बघून हॉल निवडतात.

चॅटजीपीटीकडून प्रपोझल लिहून घेतलं तर चालतं का?

काही कॉन्फरन्सनी याबद्दल नियम केलेत, आधी ते वाचा. माझं मत सांगते. इंग्लिश तपासून घ्यायला, स्पेलिंग सुधारायला वापरलं तर माझी काही हरकत नाही, ज्याचं इंग्लिश कच्चं आहे त्याला मदत मिळालीच पाहिजे. पण विषय, आउटलाइन, उदाहरणं मशीनकडून आली की प्रपोझलमधून माणूसच गायब होतो. ओळीने प्रपोझल वाचताना हे लगेच जाणवतं, सगळ्यांची वाक्यं एकाच चालीची, सगळीकडे तेच मोठमोठे शब्द, आणि नेमकं तुम्ही काय केलंत ते कुठेच नाही. आधी तुमच्या भाषेत लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल, मग इंग्लिश करा. तुमच्या डोंबिवलीच्या मैत्रिणीला फोनवर जसं सांगाल ना की अगं काय झालं माहितीये का, तसं लिहा, तो पहिला ड्राफ्ट सगळ्यात चांगला असतो.

रिव्ह्यूअर नक्की काय बघतात? नाव बघून निवडतात का?

बऱ्याच कॉन्फरन्समध्ये पहिल्या फेरीत नाव, कंपनी, फोटो लपवलेले असतात, फक्त मजकूर दिसतो. म्हणून आउटलाइनमध्ये "मी अमुक कंपनीत तमुक पदावर" असं घुसडू नका, ते माहितीच्या रकान्यात लिहा. आम्ही बघतो ते हे: विषय वेळेत बसतो का, बोलणाऱ्याला विषय येतो असं लिहिण्यावरून दिसतं का, ऐकणाऱ्याला काही मिळेल का. दुसऱ्या फेरीत मात्र पूर्ण कार्यक्रमाकडे बघावं लागतं, सहा चांगले टॉक जँगोवरच असतील तर त्यातले दोनच घेता येतात, आणि बाकीचे चार चांगले असूनही राहतात.

ऑफिसच्या कामावर टॉक द्यायचाय. परवानगी लागते का?

लागते, आणि प्रपोझल पाठवायच्या आधी विचारा. बीकेसी आणि लोअर परळमधल्या बँका, ब्रोकिंग, फिनटेकवाल्यांकडे कम्प्लायन्सची मंजुरी यायला आठवडे जातात. मॅनेजरला विचारताना नुसतं "टॉक देऊ का" असं विचारलंत तर उत्तर नाही असं यायची शक्यता जास्त. त्यापेक्षा एक पान लिहून द्या की यात ग्राहकाचा कुठलाही डेटा नाही, आतल्या सिस्टीमची नावं नाहीत, फक्त ही पद्धत आणि हा धडा आहे. आणि उदाहरणं खुल्या डेटावर बसवा, सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर भरपूर पडलंय, हवामान, शेतमालाचे भाव. खरा डेटा फक्त नावं पुसून दाखवणं हा धोका घेऊ नका, बँकेच्या व्यवहारात तारीख आणि रक्कम एवढ्यावरूनही माणूस ओळखता येऊ शकतो.

आमच्या स्टार्टअपचं प्रॉडक्ट दाखवलं तर?

त्यासाठी स्पॉन्सर बूथ असतो. तुमची लायब्ररी ओपन सोर्स असेल आणि ती लिहिताना काय शिकलात ते सांगणार असाल तर जरूर पाठवा, लोक बूथपेक्षा तेच जास्त लक्षात ठेवतात.

इंग्लिश बोलताना अडखळतो. मराठीत टॉक देता येतो का?

मुंबईतल्या मीटअपमध्ये बिनधास्त द्या. तिथे लोक मराठी, हिंदी, इंग्लिश एकाच वाक्यात बोलतात आणि कुणाला काही वाटत नाही. देशभरातली माणसं येतात अशा कॉन्फरन्सला टॉक इंग्लिशमध्ये असतात, कारण समोर चेन्नईचाही माणूस असतो आणि गुवाहाटीचाही. पण तिथे कुणी व्याकरणाचे मार्क देत नाही. साधी, लहान वाक्यं बोला, कोड स्क्रीनवर असतोच, तो सगळ्यांची भाषा. मराठी मीडियमच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, की हळू बोलणारा स्पीकर ऐकायला सोपा जातो आणि घाईने फाडफाड बोलणाऱ्याचे टॉक रेकॉर्डिंगवर पुन्हा ऐकावे लागतात.

मी मुलगी आहे, कॉलेजात शिकते, आमच्या ग्रुपमधून कुणीच कधी गेलं नाहीये. माझं प्रपोझल सीरियसली घेतील का?

घेतील, आणि पाठव. (तुला एकेरीच म्हणते.) अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये २०११ साली स्त्रियांनी दिलेले टॉक जेमतेम एक टक्का होते, २०१६ ला ते चाळीस टक्के झाले. हे आकडे जेसिका मॅकेलर यांनी दिले होते, त्या तेव्हा पायकॉनच्या डायव्हर्सिटीचं काम बघायच्या. हे आपोआप झालं नाही, लोकांनी एकेकीला गाठून सांगितलं की तू पाठव, आणि प्रपोझल लिहायला मदत केली. पायलेडीज हा पायथन वापरणाऱ्या स्त्रियांचा ग्रुपही २०११ मध्येच सुरू झाला. आपल्याकडेही हेच करायचंय. पाठवायच्या आधी ड्राफ्ट वाचून द्यायला मीटअपमधली कुणीही अनुभवी व्यक्ती तयार असते, फक्त डेडलाइनच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी दे. कोड ऑफ कंडक्ट असलेली कॉन्फरन्स निवड, आणि काही खटकलं तर कुणाला सांगायचं ते नाव आधीच बघून ठेव.

किती प्रपोझल पाठवू? एकच टॉक दोन कॉन्फरन्सला चालतो?

दोन किंवा तीन, पण प्रत्येकावर पूर्ण मेहनत केलेली. आठ-दहा पाठवलीत तर सगळी अर्धवट होतात. एकच टॉक दोन ठिकाणी द्यायला बहुतेकांची हरकत नसते, आधी कुठे दिलाय ते फक्त लिहा.

टॉक, वर्कशॉप, लाइटनिंग टॉक यात काय निवडू?

पहिल्यांदा असाल तर टॉक. वर्कशॉपमध्ये काही तास लोकांच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलेशन लावत फिरावं लागतं, त्याला मदतनीस लागतात. लाइटनिंग टॉक पाच मिनिटांचा आणि बहुतेक वेळा त्याची नोंदणी कॉन्फरन्सच्या दिवशीच होते. पोस्टर सेशन असेल तर लाजऱ्या लोकांसाठी ती फार छान जागा आहे, स्टेज नाही, माईक नाही, एकेकाशी बोलायचं.

खर्च कोण करतं?

आधी विचारून घ्या, कारण पद्धती वेगवेगळ्या आहेत. कम्युनिटी कॉन्फरन्स मानधन शक्यतो देत नाहीत. अमेरिकेतल्या पायकॉनची जुनी रीत तर अशी की स्पीकर आणि आयोजकसुद्धा तिकीट काढतात आणि ज्याला परवडत नाही त्याला फायनान्शियल एड दिली जाते. एडचा फॉर्म वेगळा असतो, त्याची तारीखही वेगळी असते, आणि नेमका तोच भरायचा राहतो. मागायला संकोच करू नका, तो पैसा त्याचसाठी बाजूला काढलेला असतो. ऑफिसलाही विचारा, टॉक निवडला गेल्याचा मेल दाखवला की ट्रेनिंगच्या बजेटमधून प्रवासखर्च निघू शकतो.

रिजेक्ट झालं. आता काय?

वाईट वाटतं, आणि वाटणारच. जागा मोजक्या आणि प्रपोझल त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे चांगली प्रपोझल दरवर्षी नाकारावी लागतात, आणि ते मेल पाठवताना आमच्याही जिवावर येतं. रिव्ह्यूअरच्या कमेंट मिळाल्या तर शांतपणे दोन दिवसांनी वाचा. नसतील मिळाल्या तर एक साधा मेल टाका की काय सुधारता येईल ते सांगाल का, उत्तर येईलच असं नाही पण विचारणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही.

मग तोच टॉक मुंबईत द्या. आपल्याकडे जागांना तोटा नाही, पवई, अंधेरी, बीकेसी, कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या कॅफेटेरियात मीटअप होत असतात, कॉलेजांचे टेक क्लब बाहेरचे वक्ते शोधत असतात. पवईला आयआयटीत फॉसी या शिक्षणात ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणणाऱ्या प्रोजेक्टने सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांमध्ये पायथन रुजवायचं मोठं काम केलंय आणि सायपाय इंडिया ही सायन्ससाठी पायथन वापरणाऱ्यांची कॉन्फरन्स बरीच वर्षं तिथे भरत होती, त्यामुळे संशोधनाशी जोडलेले विषय ऐकणारी माणसंही या शहरात आहेत. मीटअपला देताना लोक कुठे प्रश्न विचारतात, कुठे मोबाइल काढतात, ते बघा. त्यावरून आउटलाइन सुधारा आणि पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये त्या टॉकच्या व्हिडिओची लिंक द्या. बोलू शकतो याचा तो पुरावा असतो, नवीन स्पीकरच्या बाबतीत आम्हाला शंका असते ती तेवढीच.

सिलेक्ट झालं! तयारी कधी सुरू करू?

अभिनंदन! आधी ठरलेल्या तारखेच्या आत कन्फर्म करा, ते विसरल्यामुळे स्लॉट दुसऱ्याला जाऊ शकतो. कॉन्फरन्स बऱ्याचदा गणपतीच्या आगेमागे येते, घरी दीड दिवसांचा असो की पाच दिवसांचा, त्या आठवड्यात स्लाइड होत नाहीत, तेव्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिला मसुदा उरका. मोठ्याने बोलून सराव करा, मनात वाचून वेळ कळत नाही. ट्रायल रन शनिवारी ठेवा, रविवारी मेगाब्लॉक असला की कल्याण-पनवेलची मंडळी येत नाहीत. डेमोचा व्हिडिओ रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवा, कॉन्फरन्सच्या वायफायवर एकाच वेळी शेकडो जण असतात. कोडचा फॉन्ट तुम्हाला विचित्र वाटेल इतका मोठा ठेवा, आणि पांढऱ्या बॅकग्राउंडवर, काळ्या थीमवरचा कोड प्रोजेक्टरवर मागच्या रांगेला दिसत नाही. देवनागरी दाखवणार असाल तर त्या मशीनवर फॉन्ट आहे ना, टर्मिनलमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात ना, ते आदल्या दिवशी बघाच, कितीतरी टर्मिनलमध्ये मात्रा सुटून बाजूला पडतात.

डेडलाइन कालच गेली. काही करता येईल?

त्या फॉर्मचं नाही, आणि आयोजकांना मागच्या दाराने मेसेज करू नका, ते वेळेत पाठवलेल्यांवर अन्यायाचं होतं. पण तिकीट काढून जा, पहिल्या दिवशी सकाळी रजिस्ट्रेशन डेस्कवर लाइटनिंग टॉकची यादी कुठे लागते ते विचारा आणि नाव घाला, पाच मिनिटांसाठी तीन स्लाइड पुरतात. ओपन स्पेसचा बोर्ड असेल तर त्यावर चिठ्ठी लावून स्वतःच्या विषयाची चर्चा घेता येते, त्याला कुणाची निवड लागत नाही. आणि ड्राफ्ट अर्धा झालाय ना, तो पूर्ण करून पुढच्या मीटअपला घेऊन या, वीस मिनिटांचा स्लॉट लागला तर महिनाभर आधी ग्रुपवर सांगा.